रान शाब्बास म्हणतं

गव्याच्या नाकपुडीत दोन बोटं घालून विश्वजितने मायक्रोफोन आणखी थोडा आत ढकलला आणि बोटांना लागलेला भुसा पँटला पुसला. गवा जुना होता. कुणाच्या तरी बंदुकीने पडलेला, कुणा कारागिराने भुसा भरून उभा केलेला. आजवर काचेच्या पेटीत मुका राहिला होता. आता तो बोलणार होता. माणसाचं ऐकणार होता आणि ऐकून उत्तरही देणार होता.

“बोला, साहेब,” विश्वजित मागे सरकत म्हणाला. “फक्त एका शब्दात. खरं, नाहीतर खोटं.”

संग्रहालयाच्या ट्रस्टचे अध्यक्ष हंबीरराव पुढे झाले आणि घसा खाकरला. फोटो काढून घ्यायचा असला की ते असेच खाकरत.

दिवे मंदावले. तिन्ही भिंतींवर घाटातलं रान उगवलं. पानापानावर दव आलं, जमिनीलगत गार वारा फिरला, कुठेतरी दगडाआडून पाणी झुळझुळू लागलं. गव्याचे डोळे उजळले आणि त्याच्या छातीतून विश्वजितचाच आवाज आला. थोडा खोल केलेला, घोटलेला, एकाही अक्षरावर माती नसलेला.

“मी गवा. काही जण मला रानरेडा म्हणतात. मी रानरेडाच आहे. खरं की खोटं?”

“खोटं!” हंबीरराव बार उडवल्यासारखे म्हणाले. इथेच थांबले असते तर भागलं असतं. पण एका शब्दावर थांबणं त्यांच्या घराण्यात कुणाला जमलेलं नव्हतं. “आरं, लोक म्हणत्यात रानरेडा, खरं रेडा वायला आन् गवा वायला—”

गव्याचे डोळे लाल झाले. भिंतीवरची पानं पिवळी पडून गळू लागली, पाणी आटलं, पाखरं गप्प झाली.

“चूक,” गवा म्हणाला. “पुन्हा विचार करा.”

“कुणाला चूक म्हणतोय ह्यो?” हंबीररावांनी मागे वळून बघितलं. दाराशी शिपाई होते, झाडलोटीच्या बायका होत्या, शाळांच्या सहली सांभाळणारी दीप्ती होती. सगळ्यांनी एकदम भिंतीवरचं वाळलेलं रान बघायला घेतलं. “माझ्या पणज्यानं मारल्याला गवा मलाच चूक म्हणतोय?”

“साहेब, एकच शब्द—”

“म्हणालो की एकच! खोटं म्हणालो.” ते गव्याच्या नाकाशी वाकले. “खोटं हाय मर्दा. कळलं? खोटं हाय, खरं तुझ्या डोक्यात भुसा भरलाय, त्याला आमी काय करायचं?”

“चूक,” गवा शांतपणे म्हणाला. “पुन्हा विचार करा.”

दीप्तीने ओढणी तोंडावर धरली. तिचे खांदे हलत होते.

हंबीरराव सरळ झाले. त्यांनी शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या आणि विश्वजितकडे न बघता म्हणाले, “पावणं, उद्या फॉरेस्टचं सायब येणार. नेसरीकडनं दूध संस्थेच्या बायका येणार. त्यांच्याम्होरं ह्यानं एकाला जरी चूक म्हटलं, तर ही नाटकं बंद. दोन बटणं बसवायची, एक हिरवं, एक तांबडं. आन् तुमच्या पुण्याच्या कंपनीला मी सांगतो, दुसरा माणूस द्या.”

ते गेले. त्यांच्या पायताणांचा करकर आवाज फरशीवरून बराच वेळ येत राहिला. विश्वजित रिमोट हातात धरून उभा होता. ‘पावणं’ हा शब्द त्याला चावला होता. तो याच गावातल्या शुक्रवार पेठेत जन्मला होता, आणि तरीही गेले काही महिने या गावात प्रत्येक जण त्याला पाव्हणाच म्हणत होता. त्याचं तोंड उघडलं की लोक विचारत, पुण्याचं का ओ?

पहिल्या दिवशी त्याने हे संग्रहालय बघितलं तेव्हा त्याला किळस आली होती. रंकाळ्याच्या अंगाला एक जुना तबेला. आत काचेच्या पेट्या. पोटातला कापूस बाहेर आलेला बिबट्या, एका डोळ्याचं सांबर, चोच गळालेला धनेश. पेट्यांवर पानाच्या पिचकाऱ्या, आणि पिचकाऱ्यांवर ‘थुंकू नये’च्या पाट्या. ट्रस्टच्या बैठकीत एकाने सुचवलं, वाघाची डरकाळी पायजे. दुसऱ्याने सुचवलं, वाघाच्या जबड्यात डोकं घालून फोटो काढता आला पायजे. तिसऱ्याने चहा कुठवर आला ते विचारलं. विश्वजित हसला होता, मान डोलावली होती, आणि त्याच संध्याकाळी त्याने पुण्याला कळवलं होतं की इथल्या माणसांना दाखवण्यासारखं काही नाही. त्यांना आधी बघायला शिकवावं लागेल.

म्हणून त्याने हे दालन बांधलं. बटण नको, पाटी नको, वही-पेन नको. माणसाने रानात यावं, जनावरासमोर उभं राहावं आणि त्याच्याशी बोलावं. असं दालन आपल्याकडे कुठे नव्हतं. ते उभं राहिलं की दाराशी पितळी पाटी लागणार होती, तिच्यावर पहिल्यांदा कंपनीच्या नावाखाली त्याचं नाव येणार होतं, आणि त्या नावाच्या जोरावर पुढचं, मोठ्या शहरातलं काम. उद्याचा दिवस निभावला तर. नाहीतर हिरवं बटण, तांबडं बटण, आणि पुढची सगळी वर्षं दुसऱ्याच्या नकाशांना रंग देणं.

“सर,” दीप्ती जवळ आली. ती हातकणंगल्याहून रोज रेल्वेने येई, आणि विश्वजितच्या मते या तबेल्यात पूर्ण वाक्य शेवटपर्यंत वाचू शकणारी ती एकटीच होती. “मशीन चुकलं नाही, सर. आपल्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’ की ओ.”

विश्वजित तिच्याकडे बघत राहिला.

“येतो खरं वेळ नाही. जेवलो खरं पोट भरलं नाही. तसं. साहेब खोटंच म्हणाले. नंतर ‘खरं’ आलं ते पणवालं.”

त्याने रिमोट खिशात घातला, परत बाहेर काढला. अहमदाबादच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला होता, मी आलतो खरं वर्ग बंद होता. मुंबई-पुण्याच्या मुलांनी ते वाक्य वर्षभर वाजवलं. जेवणाच्या रांगेत, आंघोळीच्या रांगेत. त्या वर्षात त्याने तो शब्द जिभेवरून असा खरवडला, जसं तव्यावरून करपलेलं खरवडतात. मग आईशी फोनवर बोलतानाही तो ‘पण’ म्हणू लागला. आणि आज त्या शब्दावर त्याने अख्खं रान उभं केलं होतं आणि त्याला आठवलं नव्हतं.

“मग काय, ‘बरोबर की चूक’ विचारू?” तो म्हणाला.

“ते पण फसेल. इथं कोण एका शब्दात बोलतंय? बरोबर हाय म्हणतील आणि मग चूक काय ते सांगत बसतील.”

हे मात्र खरं होतं. या गावात प्रश्नाला कुणी उत्तर देत नसे. प्रश्न आत बोलावून घेत, पाट देत, चहा पाजत, त्याच्या आजोळची चौकशी करत, आणि शेवटी त्याच्याशी भांडण काढून त्याला वाटेला लावत. चाचणीच्या दिवसांत विश्वजितने ते पुरेपूर ऐकलं होतं. साधा प्रश्न, साप दूध पितो का, आणि त्यावर एका गृहस्थाने आपल्या मेव्हण्याच्या जमिनीचा अख्खा वाद गव्याच्या नाकपुडीत ओतला होता.

“तुम्ही त्याला थांबायला शिकवा की,” दीप्ती म्हणाली. “माणूस बोलायचं थांबेपर्यंत गप बसायचं. आणि मग बरोबर-चूक काही म्हणायचंच नाही. ऐकलं, एवढं म्हटलं तरी बास.”

“थांबेपर्यंत?” विश्वजित हसला. “यांचं वाक्य संपतं कधी, दीप्ती? आणि ऐकायचंय कुणाला? मला तर नाही. त्यांनाही ऐकवायचं नसतं. त्यांना शाब्बासकी हवी असते. शाळेत मिळाली नाही ती.”

दीप्तीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

दुपारी तो साठवणीच्या खोलीत बसला. चारी बाजूंना फडताळांवर पेंढा भरलेली पाखरं, पाठीला पाठ लावून, भांडून बसल्यासारखी. त्याने सगळी विधानं पुसली आणि नवी लिहिली. आता एकही विधान खोटं नव्हतं. गवा गवत खातो. शेकरू रानात बिया पेरतं. रान राहिलं तर ओढा राहतो. मशीनला त्याने एकच शब्द ऐकायला ठेवला, ‘खरं’. तो कानावर पडला की रान फुलणार. इथल्या माणसाच्या तोंडातून तो पडणारच होता. शिव्या देतानाही पडला असता.

शेवटचं विधान फॉरेस्टच्या साहेबांना आवडेल असं होतं. माणसाने माझी वाट सोडली, तर मी माणसाच्या वाटेला जात नाही.

“हे उद्या नको, सर,” दीप्ती त्याच्या खांद्यावरून वाचत म्हणाली. “नेसरीकडच्या बायका येणारेत. तिकडं गव्यांचा त्रास आहे.”

“म्हणूनच तर त्यांना कळायला हवं,” विश्वजित म्हणाला. “आणि काळजी कशाला? नाही म्हणताना पण त्या ‘खरं’ म्हणतीलच.”

मग त्याने दार लावून घेतलं आणि नवा शब्द ध्वनिमुद्रित केला. शाब्बास. पहिल्या वेळी तो कोरडा आला. मग गोड आला, फार गोड. पुन्हा, पुन्हा. शेवटी नेमका बसला, कडेवरच्या पोराला, उडी मारणाऱ्या कुत्र्याला आणि निवडणुकीत मतदाराला म्हणतात तसा. तो ऐकून विश्वजित स्वतःशीच हसला, आणि पाखरांकडे बघून त्याने तो आणखी एकदा मोठ्याने म्हटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्याच्या अंगणात टेम्पो लागला आणि बायका उतरल्या. नवी लुगडी, कडक इस्त्रीच्या साड्या, पाटल्यांचा आवाज, एकमेकींच्या नावाने हाका. हंबीररावांनी फेटा बांधला होता. फॉरेस्टचे साहेब घड्याळ बघत होते. विश्वजित दालनाच्या मागच्या कोपऱ्यात, अंधारात, संगणकापाशी बसला. पडद्यावर आवाजाची रेघ थरथरत होती.

“गवा गवत खातो. खरं की खोटं?”

“खातोय की बाबा,” पहिली बाई म्हणाली, “खरं आमचा जोंधळा पण सोडत न्हाईस तू.”

“शाब्बास! अगदी बरोबर!”

रान उजळलं. वाळकी फांदी हिरवी झाली, पाण्याला आवाज फुटला. बायका हसल्या आणि टाळ्या पिटल्या.

“शेकरू रानात बिया पेरतं. खरं की खोटं?”

“पेरतंय कसलं! आमच्या फणसाचं वाटोळं करतंय. दिसाय गोड हाय, खरं लई द्वाड.”

“शाब्बास! अगदी बरोबर!”

फुलपाखरं उठली. मागून कुणीतरी ओरडलं, “रखमे, तू लई हुशार निघालीस की गं! नवऱ्याला सांग आता.” पुन्हा हशा. हंबीररावांचा फेटा अंधारात डोलत होता. त्यांनी स्वतःही हात वर करून एक विधान घेतलं, त्यावर भलंमोठं भाषण केलं, आणि तिसऱ्याच वाक्याला गव्याने त्यांना शाब्बास म्हटलं. ते भरून पावले. विश्वजितने खुर्चीला पाठ टेकली. पडद्यावर तो एकच शब्द पुन्हा पुन्हा हिरवा होत होता. किती सोपं होतं. माणसं काहीही म्हणत होती आणि रान फुलत होतं.

शेवटी बायकांनी एकीला पुढे ढकललं.

“जा की, तानाक्का. तू एकटीच ऱ्हायलीस.”

तानाबाई पुढे आली, पण बाकीच्यांसारखी गव्याच्या मानेवर हात ठेवायला गेली नाही. लांबच उभी राहिली. उंच, वाळकी बाई. मोकळं कपाळ, दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला पदर. मघाशी हसणाऱ्या बायकांतल्या दोघी-तिघी हसायच्या थांबल्या.

“माणसाने माझी वाट सोडली,” गवा म्हणाला, “तर मी माणसाच्या वाटेला जात नाही. खरं की खोटं?”

ती काचेच्या डोळ्यांकडे बघत राहिली.

“बोला,” गवा म्हणाला. कुणी अडखळलं तर म्हणायचं म्हणून विश्वजितने हे वाक्य मागेच भरून ठेवलं होतं. “रान ऐकतं आहे.”

“ऐकतंय व्हय?” तानाबाई म्हणाली. आवाज बारीक होता, जात्याशी बसून एकटीने गुणगुणावं तसा. पडद्यावरची रेघ जेमतेम हलली. “मग ऐक. आमचं मालक तुझ्या वाटंवर न्हवतंच. बांधाच्या कडंला बसून न्हेरी करत हुतं. ऊस तुटल्याला, समदं रान मोकळं. तुला जायाला लई जागा हुती. त्यांनी तुला बघून भाकरी खाली ठेवली, उठून बाजूला बी झालं. खरं—”

“शाब्बास! अगदी बरोबर!”

तिन्ही भिंतींवर कारवी फुलली. डोंगरच्या डोंगर निळे झाले. कस्तुर पक्ष्याने शीळ घातली, वरून प्रकाशाचं एक गोल रिंगण उतरलं आणि तानाबाईच्या पायांभोवती फिरू लागलं. पुढच्या शब्दासाठी उघडलेलं तिचं तोंड तसंच राहिलं. निळा उजेड तिच्या दातांवर पडला होता.

हंबीररावांनी टाळ्या वाजवल्या. आज प्रत्येक शाब्बासला टाळ्या वाजवल्या होत्या, तशाच. फॉरेस्टच्या साहेबांनी वाजवल्या. तानाबाईच्या गावच्या बायकांनी वाजवल्या नाहीत. एकीने पदराचा बोळा तोंडात धरला. दीप्ती भिंतीवर हाताने दिव्याचं बटण चाचपत होती, आणि ते तिला सापडत नव्हतं.

विश्वजित पडद्याकडे बघत होता. तिच्या सगळ्या बोलण्यातला एकच शब्द हिरवा झाला होता. बाकीच्या शब्दांची नुसती रेघ.

बाहेर ऊन लख्ख होतं. अंगणात चहा आणि भडंगाच्या पुड्या वाटणं चाललं होतं. हंबीररावांनी विश्वजितच्या पाठीवर थाप मारली तेव्हा त्याच्या हातातला चहा हिंदकळला.

“नाद खुळा काम केलंसा, पावणं! सायब काय म्हणालं ऐकलं का? म्हणालं, त्यांच्या राधानगरीच्या केंद्रात अस्संच पायजे. ती पाटी उद्याच करायला टाका. नाव मोठं घाला, माझ्याखालनं.”

“आभारी आहे,” विश्वजित म्हणाला. “आपल्यामुळेच झालं. लोकांनी फार चांगला प्रतिसाद दिला.”

तो बोलला आणि पलीकडे चप्पल घालत असलेल्या तानाबाईने मान वर केली. तशीच, एका पायात चप्पल घेऊन, ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग दुसरी चप्पल सरकवली आणि सावकाश चालत आली. हंबीरराव साहेबांना गाडीपर्यंत सोडायला निघून गेले.

“पावणं, आतला आवाज तुमचा न्हवं?”

विश्वजितने आजूबाजूला बघितलं. दीप्ती जवळच होती, चहाचे कप गोळा करत. तिने वर बघितलं नाही.

“हो,” तो म्हणाला. “माझाच.”

“वाटलंच मला.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. दुकानदाराने चुकून जास्त दिलेली वस्तू माणूस परत आणून देतो, तसं ती विचारत होती. “मगाशी मला शाब्बास म्हणालासा. ते कशाबद्दल, तेवढं सांगा. घरात लेक इचारंल, काय झालं तिथं म्हणून.”

विश्वजित बोलू लागला. ते यंत्र आहे, मावशी, त्यात माणूस बसलेला नसतो. आवाज आधी भरून ठेवलेला असतो. ते पूर्ण बोलणं समजून घेत नाही, एक ठरावीक शब्द पकडतं, आणि तो शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी येतो, म्हणून असं होतं. ही चाचणी होती. अशा गोष्टी चाचणीतच लक्षात येतात. पुढे यात बऱ्याच सुधारणा होणार आहेत. वाक्यामागून वाक्य येत होतं, स्वच्छ, नीट, कुठेही न अडखळता.

तानाबाई मध्ये बोलली नाही. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. बायकांनी तिच्या नावाने हाका मारल्या. तिने मागे न बघता हातानेच त्यांना थांबा म्हटलं, आणि एकेका शब्दाला मान हलवत ऐकत राहिली.

त्याचं बोलणं संपलं. तरी ती तशीच उभी होती, त्याच्या तोंडाकडे बघत. आणखी काही सांगायचं राहिलं असेल म्हणून.